"केम टू" च्या पुढे काय?

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये मला बारा वर्षं झाली. अमेरिकेतले डॉक्टर बोलतात, सॉफ्टवेअर त्याचा कच्चा ड्राफ्ट काढतं, आमची पोरं ऑडिओ ऐकत तो सुधारतात आणि मग क्यूएला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, माझ्याकडे येतो. मोठमोठ्या लॅटिन नावांची भीती दोन महिन्यांत जाते हो, ती डिक्शनरीत सापडतात. घात करतात ते गेट, पुट, कम असले पहिलीतले शब्द, मागे इवलंसं ऑफ नाहीतर टू चिकटलं की अर्थ पार भलतीकडे.

त्या रात्री अडीचच्या सुमारास एक स्टॅट फाइल आली, म्हणजे सगळं बाजूला ठेवून आधी हीच करायची. शिडीवरून पडलेला माणूस, डोक्याला मार. फाइल नवीन मुलीकडे गेलेली. बीएस्सी मायक्रो, हुशार, टायपिंग तर माझ्यापेक्षा फास्ट. तिने लिहिलं होतं, "ही वॉज आउट इन द कोल्ड फॉर अबाउट टेन मिनिट्स अँड केम टू द ईआर इन द अँब्युलन्स." दहा मिनिटं थंडीत बाहेर होता, मग अँब्युलन्सने इमर्जन्सीत आला. वाचायला इतकं गुळगुळीत की मीपण पुढे गेले असते, पण खाली निदानात डॉक्टर कन्कशन विथ एलओसी म्हणतोय आणि वर बेशुद्धीचं नाव नाही! (कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आणि आमच्याकडे एलओसी म्हणजे शुद्ध हरपणे, बॉर्डर नाही.)

पायाखालचं पेडल दाबून ऑडिओ मागे नेला. डॉक्टर स्वच्छ म्हणत होता, "ही वॉज आउट कोल्ड फॉर अबाउट टेन मिनिट्स अँड केम टू इन द अँब्युलन्स." म्हणजे दहा मिनिटं ठार बेशुद्ध होता आणि अँब्युलन्समध्ये शुद्धीवर आला. आणि गंमत म्हणजे मशीनच्या ड्राफ्टमध्ये हेच होतं, आमच्या बाईसाहेबांनी ते "सुधारलं"! बेशुद्धीची दहा मिनिटं गेली आणि त्या जागी थंडी आली. किती वेळ बेशुद्ध होता याच्यावर डोक्याच्या दुखापतीत बरंच ठरतं, कोडिंगमध्येसुद्धा, म्हणजे निदानाला ठरलेला कोड देताना, 30 मिनिटं किंवा त्याहून कमी याचा कोड वेगळा आणि वेळ माहीत नाही याचा वेगळा.

तिला बोलावलं. चेहरा पडला बिचारीचा. म्हणाली, मॅडम, "केम टू" च्या पुढे काहीच नव्हतं, वाक्य अर्धवट वाटलं, म्हणून ईआर टाकलं.

म्हटलं अगं, अर्धवट वाटलं तर ब्लँक सोड, फ्लॅग कर, पण मनाने भरू नकोस. आणि इथे पुढे काही नसतंच, "केम टू" एवढंच म्हणजे शुद्धीवर आला. मग हेडफोन तिच्या कानाला लावले आणि तीनदा ऐकवलं. "केम टू द हॉस्पिटल" म्हणताना ते लोक टू गिळून टाकतात, नुसतं "ट" ऐकू येतं. शुद्धीवर आलेल्याचा "टू" मात्र पुरा, ठसठशीत, त्याच्यावर जोर. चौथ्यांदा तिने स्वतःच पेडल मारलं आणि हसली.

तरी मी फार रागवले नाही, कारण ट्रेनिंगला असताना मीच "आय पास्ड आउट इन टू थाउजंड टेन" असं इंग्लिशमध्ये ओळख करून देताना सांगितलं होतं आणि आमचे ट्रेनर म्हणाले होते, मग शुद्धीवर कधी आलात?

रिपोर्ट वेळेत गेला. पुढच्या आठवड्यात ती परत टेबलाशी, हातात हेडफोन. "मॅडम, पेशंट केम टू द फ्लोअर म्हणतोय, टू बारीक आहे, म्हणजे शुद्धीवर आलेला नाही, बरोबर ना? पण मग हा फरशीवर कशाला आला?"

फ्लोअर म्हणजे वॉर्ड गं बाई.