कागदांच्या पिशवीतली गहाणाची पावती

जुलै २०२४ चा मधला आठवडा होता. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजातल्या सुविधा केंद्रावर (सगळे त्याला एफसीच म्हणतात) कागदपत्रं तपासायची माझी ड्युटी असते. सीईटीचं स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाइल, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी म्हणजे पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे नुसते शिक्के नाचायला लागतात.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी एक वडील आणि त्यांची मुलगी समोर येऊन बसले. मुलीने वेळ घेतलेली होती. वडिलांनी खुर्चीत टेकताटेकताच विचारलं, "मॅडम, हे नाही केलं तर चालतं का? आमची सीट तशी झालीय."

"कुठे झालीय काका?"

"एक जण करून देतोय. कॉम्प्युटरला. मॅनेजमेंटमधून."

मुलगी मान खाली घालून कागद पुढे सरकवत होती. मी एकेक तपासत गेले. उत्पन्नाच्या दाखल्याखाली घडी घातलेला एक कागद निघाला. मला वाटलं, जातीचा दाखला असेल. उघडला तर सोनं गहाण ठेवल्याची पावती. एक मंगळसूत्र, दोन पाटल्या, पुढे वजन आणि कर्जाची रक्कम. तारीख आदल्याच दिवसाची. काकांनी हात पुढे करून पावती माझ्या हातातून घेतली, तिची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

सुट्टी झाली, पण मला उठवेना.

मुलगी ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी आत. आणि ८ जुलैलाच शासन निर्णय निघाला होता. अशा घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अट एकच, जिच्यावर सगळं अडतं: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून त्याच कॉलेजात, त्याच वर्गात बसलं तरी ही माफी नाही. म्हणजे चारही वर्षांची फी त्या मंगळसूत्रावर आणि पाटल्यांवर आली असती.

मी हे सांगितलं तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, "मग त्याने का नाही सांगितलं?" त्या माणसाला त्यांनी पंचवीस हजार टोकन दिलं होतं, बिनपावतीचं. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी मोबाइलवर शासन निर्णय उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो तारखेपासून शेवटच्या सहीपर्यंत बोट फिरवत वाचला.

मग मुलीला विचारलं, तुला काय हवंय? ती पहिल्यांदा बोलली. "इलेक्ट्रिकल. आमच्याकडे डीपी, म्हणजे शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस पिकाला पाणी देता येत नाही. ती कशाने जळते, ते मला कळायला हवं." वडील तिच्याकडे बघत राहिले. घरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

अडचण पुढेच होती. तिचं नॉन-क्रीमी लेअर मार्चमध्येच संपलं होतं, आणि लागत होतं ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेलं. नव्यासाठी अर्ज केल्याची पावती लावता येत होती. मात्र मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत आलं नाही, तर ती थेट ओपनमध्ये गेली असती. दरवर्षी चांगले मार्क असलेली मुलं या एका कागदापायी मागे पडताना मी बघते आणि दरवेळी तितकाच जीव तुटतो. काका त्याच पावली सेतू केंद्रात गेले. संध्याकाळी पावणेपाचला घामाने भिजलेले परत आले, हातात अर्जाची पावती. मी अर्ज कन्फर्म केला.

जाण्याआधी मी तिला ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरायच्या फॉर्मचं, समजावलं. फी बघून क्रम लावायचा नाही, मनात आहे तो क्रम लावायचा. पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. आणि काकांना स्पष्ट सांगितलं की फी माफ म्हणजे सगळं फुकट नाही. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं हे घरूनच. माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं हवं, आणि दरवर्षी नूतनीकरण.

"दरवर्षी?" त्यांनी खिशातून तीच गहाणाची पावती काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या पेनाने एकेक लिहून घेतलं.

दुसऱ्या राउंडला तिला इलेक्ट्रिकल मिळालं, तिसऱ्या पसंतीचं कॉलेज. नॉन-क्रीमी लेअर मुदतीच्या दोन दिवस आधी हातात आलं होतं. टोकनचे पैसे मात्र निम्मेच परत मिळाले. प्रवेश घेऊन झाल्यावर काका केंद्रावर सांगायला आले. मी गहाणाचं विचारलं.

"मंगळसूत्र सोडवलं," ते म्हणाले. "पाटल्या राहू दिल्यात. हॉस्टेलला लागतील."