एका टाचणीचं रडगाणं

व्हिएन्नात मी नक्की काय काम करते, हे पुण्यातल्या आत्याला सांगताना दरवेळी माझी भंबेरी उडते. इथे या कामाला ‘कोरेपेटिटर’ म्हणतात. मी गायिका नाही, आणि नुसती पियानोवर साथ करते असंही नाही. ऑपेरा शिकणाऱ्या मुलामुलींकडून गाणं बसवून घ्यायचं: उच्चार, लय, श्वासाच्या जागा, शब्दामागचा हेतू. आवाज घडवणारे गुरू वेगळे. त्यांच्या कामात मी लुडबूड करत नाही. शेवटी आत्यानेच तोडगा काढला. “म्हणजे नाटक कंपनीतले ऑर्गनवाले मास्तर!” आता मी सगळ्यांना तेच सांगते.

गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी बार्बारिनाचं गाणं घेऊन आली. मोझार्टच्या ‘फिगारोचं लग्न’मधल्या चौथ्या अंकाची सुरुवात याच गाण्याने होते. माळ्याची ही पोर अंधारात जमिनीवर काहीतरी शोधतेय. काय, तर टाचणी. एका चोरट्या चिठ्ठीला लावलेली ती टाचणी सरदाराने सुझानाला, म्हणजे फिगारोच्या नवरीला, परत द्यायला तिच्याकडे सोपवली होती, आणि हिने ती हरवली. गाणं दोन मिनिटांच्या आतबाहेरचं. पण या अख्ख्या ऑपेरात मायनर, म्हणजे उदास छटेच्या, स्वरात बांधलेलं एकल गाणं हे एवढंच. (त्यातला चढा निषाद ऐकला की मला कीरवाणी आठवतो. इथे कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगते.)

मुलीचा आवाज सुरेख, सूर पक्का. पण पहिल्याच ओळीला डोळे मिटले, हात छातीवर गेला, भुवया वर. जणू घरातलं कुणी गेलंय! मी मध्येच वाजवणं थांबवलं.

“काय हरवलंय?”

“टाचणी.”

“मग डोळे मिटून कशी सापडणार?”

ती हसली. पुन्हा गायली, पुन्हा तेच. मग मी पियानो बंद केला आणि तिला नुसते शब्द म्हणायला लावले. ‘लो पेर्दूता, मे मेस्कीना’, म्हणजे ‘हरवली, कर्म माझं!’ इथे आणखी एक भानगड निघाली. जर्मन बोलणाऱ्यांचा प थोडा फ सारखा फुटतो आणि त ला ह चिकटतो. इटालियन प आणि त अगदी आपल्यासारखे, हवा न सोडता. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं; तिला मात्र तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पेर्दूता’ म्हणावं लागलं. कपटा हलला नाही पाहिजे. दहाएक मिनिटं आम्ही तेवढंच केलं. कपटा हलायचा थांबला आणि त्या शब्दातला उगाचचा उमाळाही ओसरला. एखादी पोर स्वतःशी पुटपुटावी तसा तो ऐकू यायला लागला.

पुढे ‘कूजीना’ येतं, म्हणजे नात्यातली बहीण.

“कोण ही?”

“सुझाना.”

“तिची आठवण आत्ताच का यावी?”

याचा विचार तिने केलाच नव्हता. टाचणी जिच्या हातात द्यायची तीच सुझाना. आणि ‘पाद्रोन’, म्हणजे धनी, तोच तो सरदार, हा शब्द तोंडी येतो तेव्हा भीतीचं माणूसच बदलतं. एवढं कळल्यावर तिचा स्वर आपसूक बारीक झाला. मी ‘हळू गा’ असं एकदाही म्हटलं नव्हतं.

पुढच्या तासाला मी शिवणाच्या डब्यातली खरी टाचणी घेऊन गेले आणि तिच्यादेखत खोलीत भिरकावली. “शोध, आणि शोधता शोधता गा.” तिने मान खाली घातली, तर आवाज घशात अडकला. साहजिकच आहे. म्हणून पायाशी न बघता चार हात पुढच्या जमिनीवर नजर फिरवायची, असं ठरलं. या गाण्यातले तुकडे छोटे छोटे आहेत आणि मध्ये मोकळ्या जागा आहेत. आतापर्यंत त्या जागांत ती पुढच्या ओळीची वाट बघत उभी राहायची. आता तिथे ती शोधायला लागली: इथे नाही... तिकडे? श्वास छोटे झाले, तेही माझ्या सांगण्यावाचून.

ही भूमिका पहिल्यांदा गायली ती आना गॉटलीब, वय 12. साल 1786, मे महिन्याची पहिली तारीख, मिखाएलरप्लात्सवरचं जुनं बुर्गथिएटर. ते आता तिथे नाही, 1888 साली पाडलं. पण त्या चौकातून जाताना मला तिची आठवण येतेच. पाच वर्षांनी मोझार्टने ‘जादूची बासरी’त तिला नायिकेचं काम दिलं. आणि गंमत म्हणजे ‘फिगारो’ला सुरुवातीच्या प्रयोगांत इतके वन्स मोअर मिळाले, की सम्राट दुसऱ्या जोसेफला हुकूम काढावा लागला: एकाहून जास्त गळ्यांची गाणी पुन्हा गायची नाहीत. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी असला हुकूम चालवून घेतला असता का?

बार्बारिनाला मात्र वन्स मोअर मिळणं अवघडच. गाणं संपतच नाही. षड्जावर परतायच्या आधी, पंचमाच्या स्वरसंगतीवर लटकतं, आणि फिगारो येऊन विचारतो, काय झालं? विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात फिगारो नव्हता. ती शेवटच्या प्रश्नावर थांबली, डोळे अजून जमिनीवर. मी हात पियानोवरून काढले नाहीत. सभागृहात कुणालाच कळेना, टाळ्या वाजवाव्यात की नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चक्क वाकून खुर्चीखाली पाहिलं.

माझी टाचणी लाकडी फरशीच्या कुठल्या फटीत गेली कोण जाणे, अजून सापडलेली नाही. त्याच खोलीत गुरुवारी एक टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, येतो, त्याला अनवाणी गायची सवय आहे. त्याला मी सध्या बूट घालायला लावते.