वखारवाल्या मामांसोबत वांसद्याचं जंगल

सापुताऱ्याला आपण नाशिककर ऊठसूट जातो, पण घाट उतरून अजून साधारण पन्नास किमी गेलं की वघई येतं आणि तिथून जवळच वांसदा नॅशनल पार्क आहे, हे मला परवापर्यंत माहीतच नव्हतं. जेमतेम 24 चौरस किमीचं जंगल, ताडोबाच्या मानाने खिशाएवढंच.

डिसेंबरात मी, बायको आणि मामा निघालो. मामांची लाकडाची वखार होती, आता मुलगा बघतो. दिंडोरी, वणी, बोरगाव करत वघईला पोचायला अकरा वाजले. आधी परवानगी काढायची, तर मी हुशारीने आधारचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन गेलेलो, झेरॉक्स एकही नाही, मग झेरॉक्सचं दुकान शोधा, तिथे लाईट गेलेली, ती येईपर्यंत चहा, त्यात तास गेला. चूक माझीच. झेरॉक्स घरूनच न्या, सुट्टे पैसे ठेवा आणि सकाळी लवकर पोचा, एवढंच सांगतो.

आत गेल्यावर मात्र गार वाटलं. सोबतचा गाईड डांगी, म्हणजे तिथल्या डांग भागातली बोली, बोलत होता, आम्ही मराठी, काही अडलं नाही. हे पूर्वी वांसद्याच्या राजाचं खासगी जंगल, 1952 पासून तोड बंद आहे आणि 1979 मध्ये नॅशनल पार्क झालं, असं त्याने सांगितलं आणि तिथून मामा सुरू झाले. प्रत्येक सागाला हातांनी कव घालायची, वर बघायचं आणि पुटपुटायचं, "सरळ आहे, गाठ नाही, किती घनफूट निघंल रे?" बायको म्हणाली, मामा, इथे तरी हिशोब नको. ते म्हणाले, "अगं डांगी साग आहे हा, इंग्रजांनी 1842 ला डांगच्या राजांकडून जंगलं लीजवर घेतली ती याच्यासाठी, जहाजं बांधायला." वघई ते बिलीमोरा ही छोटी नॅरोगेज रेल्वे लाईनपण बडोद्याच्या गायकवाडांनी लाकडं न्यायलाच टाकलेली, म्हणजे आसपासचा माल बिलीमोऱ्याकडे गेला आणि हा तुकडा तेवढा वाचला.

प्राणी म्हणाल तर एक मुंगूस, तेही पळताना. पण कोळी! तळहाताएवढी मादी, माणसाच्या तोंडासमोर येईल असं जाळं आणि उन्हात धागे चक्क सोनेरी. मी जाळ्यात शिरणारच होतो, गाईडने कॉलर धरून मागे ओढलं.

पुढे एक जुना साग आडवा पडलेला, शेवाळलेला. मामांनी विचारलं, याचा लिलाव कधी? गाईड हसला, म्हणाला, इथलं काही बाहेर जात नाही, पडलं तिथेच कुजतं. मामा त्या खोडावर बराच वेळ हात फिरवत उभे राहिले.

सापुतारा येईपर्यंत गप्पच होते. कोळ्याचा फोटो मी काढला, मामांनी त्या पडलेल्या सागाचा, आणि आठवडा झाला तरी स्टेटसला तोच आहे.