बुलेटचं इंजिन केलंय, आता ऑइल बघतोय

जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाची ३५० बुलेट, उजव्या पायात गिअर. क्रँक खोलून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) नवा, स्मॉल एंडचा (पिस्टनकडच्या टोकाचा) बुश नवा, बोअर मारून म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करून पुढच्या साइजचा पिस्टन. पिस्टन आधी हातात घेऊन, मोजून मगच बोअर मारणारा लेथवाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळाला, हे सगळ्यात बरं झालं.

आता भेटेल तो सांगतो, ‘हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही.’ निम्मं बरोबर आहे. मी फाउंड्रीत, त्यामुळं बिडाशी रोजचाच संबंध. सिलिंडर बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. नव्या बोअरला फट जेमतेम, म्हणून सलग ताणली की पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. पण नुसती रांगवली तरी पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत. रिंगेला सिलिंडरवर दाबतो तो तिच्या मागं शिरणारा जळता गॅस, आणि जोर लावल्याशिवाय तो दाब येत नाही. होनिंगच्या (बोअरनंतर सिलिंडर आतून दगडानं घासण्याच्या) तिरक्या रेघांवर रिंग घासून बसते ती सुरुवातीलाच. ते हुकलं की भिंत काचेसारखी होते आणि गाडी कायमची ऑइल पीत बसते.

म्हणून मी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळ घाटाकडं जातो. निम्म्या थ्रॉटलवर पस्तीस ते पंचावन्न, मग थ्रॉटल पूर्ण बंद. बंद केल्यावर जी ओढ तयार होते तिनं ऑइल रिंगांपर्यंत वर येतं. पन्हाळ्याच्या चढाला चौथ्यात कुंथवायची नाही, आणि दारात स्टँडवर चालू ठेवून गप्पा तर अजिबात नाहीत.

पहिलं ऑइल शंभर किलोमीटरच्या आत काढलं. साधं मिनरल २०डब्ल्यू५०; सिंथेटिकची घाई आत्ता कशाला? पांढऱ्या टबात ओतून उन्हात तिरकं धरलं तर चंदेरी झाक, लोहचुंबकाला करडा चिखल. एवढं चालतंच. पण फिल्टरच्या घडीत एक पिवळा कण दिसला. चुंबक त्याला धरेना, म्हणजे लोखंड नव्हे. बुशाचं ब्राँझ असणार. मिस्त्रींना फोन केला.

“रीमर मारून बुशाचं भोक मापात केल्याला कचरा असंल. पुढच्या ऑइलात गावलं तर घेऊन या, खोलू.”

दुसऱ्या ऑइलात पिवळं काही नाही, झाकही कमी.

लेव्हलचं मात्र सांभाळा. गाडी चार दिवस उभी राहिली की इंजिनातल्या ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि डिपस्टिक कोरडी येते. घाबरून वरून ओतलं, की सुरू करताच ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) फवारा आणि मागं निळा धूर, वर ‘रिंगा गेल्या’ म्हणणारे तयारच. आधी पाच मिनिटं चालवायची, बंद करून थोडं थांबायचं, मग बघायचं. माझी लेव्हल अजून किंचित उतरते, पण पहिल्यापेक्षा कमी.

हेडचे नट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनवरच बघायचे असतात, म्हणून रविवार असून आज गाडी हलवलेली नाही.