फोटोचं सॉफ्टवेअर निवडताना आधी ओरिजिनलचं काय होतं ते बघा

फोटो एडिट करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं असं कुणी विचारलं की लगेच फिल्टर, एआय, बॅकग्राउंड काढणं हीच चर्चा सुरू होते. मी आधी एवढंच बघते, की हे सॉफ्टवेअर माझ्या मूळ फाइलला हात लावतं का आणि मी लिहिलेली माहिती नेमकी कुठे ठेवतं. बाकी सगळं नंतर.

प्रत्येक फोटोच्या पोटात बरंच काही असतं. कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड, आयएसओ, तारीख-वेळ आणि मोबाइलवर लोकेशन चालू असेल तर चक्क अक्षांश-रेखांश, हे सगळं एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये आपोआप लिहितो त्या माहितीत जातं. कॅप्शन, कीवर्ड, फोटो कुणी काढला वगैरे आपण लिहितो ते आयपीटीसी नाहीतर एक्सएमपीमध्ये, अशी माहिती साठवायच्या या ठरलेल्या पद्धती. हे बघायला विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं, पण तिथे दिसतं ते अर्धंमुर्धंच. सगळं बघायचं असेल तर एक्झिफटूलच. फिल हार्वी नावाच्या माणसाने २००३ मध्ये सुरू केलेलं, फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालणारं. कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं, म्हटलं की लोक घाबरतात पण विंडोजवर फोटो ओढून त्याच्या आयकॉनवर नुसता सोडला तरी सगळी यादी समोर येते, घाबरण्यासारखं खरंच काही नाही.

आणि याची किंमत कळते ती दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करताना. एका कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर मागे असलं की तारखेप्रमाणे लावल्यावर सगळा घोळ होतो, निरोपाचे फोटो आधी आणि स्वागताचे नंतर. एक्झिफटूलमध्ये एका ओळीत त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ तासभर पुढे सरकवता येते, आणि ते मूळ फाइल नावापुढे ओरिजिनल जोडून बाजूला जपून ठेवतं, तुम्ही स्वतः नको म्हणेपर्यंत. मला हे फार आवडतं. सॉफ्टवेअर असं जबाबदारीने वागणारं हवं.

रोज भराभर फोटो बघायला इर्फानव्ह्यू मस्त, १९९६ पासून आहे आणि घरगुती वापराला फुकट, पण फक्त विंडोजवर. मॅक किंवा लिनक्स असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी घ्या. जेपेग फोटो फिरवायचा असेल तर लॉसलेस रोटेट वापरा, कारण साधं फिरवून सेव्ह केलं की फोटो परत कॉम्प्रेस होतो आणि दर वेळी थोडी क्वालिटी जाते.

एडिटिंगचं म्हणाल तर तुम्ही रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या सेन्सरची जवळपास कच्ची फाइल) काढता की जेपेगमध्ये त्यावर सगळं आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सावलीतला चेहरा उजळवताना रॉमध्ये जेवढं खेचता येतं तेवढं जेपेगमध्ये येत नाही, पट्टे दिसायला लागतात. रॉ असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी बघा, दोन्ही फुकट. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो हे खरंय, पण ते मूळ फाइलला हातच लावत नाही, तुम्ही काय काय केलंत ते शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना मात्र ती छोटी फाइलही सोबत न्या. अडोबीचं लाइटरूम क्लासिक हे सगळं कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, पण एक्सएमपीत आपोआप लिहायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करा. नको असलेली वायर काढणं, दोन फोटो जोडणं असल्या कामाला गिम्प.

हजारोंनी फोटो असतील आणि कीवर्ड टाकून ठेवायचे असतील तर डिजिकॅम. त्यात मेटाडेटाच्या (फोटोबद्दलच्या या सगळ्या माहितीच्या) सेटिंगमध्ये फाइलमध्ये लिहायचं की साइडकारमध्ये, म्हणजे शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये, ते ठरवता येतं. गूगलचं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर पिकासा आठवतंय ना? ते त्यांनी २०१६ मध्ये बंद केलं. ज्यांची कॅप्शन फोटोतच होती त्यांची कॅप्शन आजही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, पण अल्बमची मांडणी पिकासाच्या स्वतःच्या फाइलींमध्ये होती, ती बाकीच्यांना आपोआप कळत नाही. म्हणून मी हे इतकं कळकळीने सांगतेय.

नवीन काहीही घ्यायच्या आधी एक करा. एका फोटोची कॉपी काढा, तिला कॅप्शन द्या, थोडा क्रॉप करा, सेव्ह करा आणि मग जुनी-नवी दोन्ही एक्झिफटूलमध्ये बघा. फोटो काढल्याची तारीख तीच आहे का, लेन्सचं नाव गेलं का, कॅप्शन आत आलं का. फाइलच्या आत झलक म्हणून ठेवलेला छोटा फोटो, म्हणजे थंबनेल, तोही बाहेर काढून बघा, काही सॉफ्टवेअर तो बदलतच नाहीत आणि क्रॉप करून काढलेला माणूस तिथे तसाच उभा असतो. असा फोटो कुठे टाकणार असाल तर थंबनेल आणि लोकेशन दोन्ही काढून मगच टाका, मूळ फाइलमध्ये मात्र सगळं राहू द्या.