चार की आठ

आईचा स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरल्याचे कळले, तेव्हा आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहत होतो. तिला रात्री कूस बदलणेही अवघड झाले होते आणि त्या वेळच्या डॉक्टरांचे ‘या आजारात दुखायचेच’ हे उत्तर मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

अखेर एका रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात गेलो. शून्य ते दहामध्ये आत्ता किती दुखते, असे तिथल्या सिस्टरांनी विचारताच आई माझ्याकडे पाहून ‘चार’ म्हणाली. मी पाणी आणायला बाहेर गेले, तेव्हा तिने ‘आठ’ सांगितले होते.

मॉर्फिनचे, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून बनणाऱ्या औषधाचे नाव निघताच मामा म्हणाले, ‘म्हणजे आता संपलंच की!’ वेदनेसाठी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतल्यास व्यसनाची भीती फारच कमी असते आणि हे औषध अखेरच्या दिवसांपुरते राखून ठेवायचे नसते, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले. नौपाड्यातल्या तीन दुकानांत मात्र या गोळ्या मिळाल्या नाहीत. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 मध्ये सुधारणा होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा नसते. आम्हाला ते त्या विभागातूनच घ्यावे लागले.

गोळी दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ पाहून दर चार तासांनी द्यायची आणि रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवावे लागत नाही, असे त्यांनी ठरवून दिले. सोबतचे पोट साफ होण्याचे औषध मी दुय्यम मानून दोन दिवस टाळले, आणि तिसऱ्या दिवशी आईने जे सोसले त्याला मीच जबाबदार होते. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते, हे मला आधीच सांगितले होते. दुखणे कमी व्हावे म्हणून पाठीला रेडिएशनही एकदाच दिले.

समाजसेविकेने विचारल्यावर आईने उपचारांसाठी गहाण टाकलेल्या बांगड्यांचा विषय काढला. त्यावर ती इतके दिवस कुढत होती, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

वेळ, मात्रा आणि आकडा मी वहीत लिहीत असे. एका संध्याकाळी लसूण सोलत बसलेल्या आईकडे पाहून मी न विचारताच ‘तीन’ लिहिले; तिने वही ओढून घेतली आणि म्हणाली, ‘पाच आहे, नीट लिही.’