स्वखर्चानं छापलेलं अपयश

श्रीलंका सरकार आणि एलटीटीई, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारे 'तमिळ वाघ', यांच्यातल्या समेटाचे आपले प्रयत्न का फसले, याची चौकशी नॉर्वेनं स्वतःच पैसे देऊन करून घेतली. बर्गनची एक संशोधन संस्था आणि लंडनमधलं सोआस विद्यापीठ, अशी बाहेरची माणसं नेमली. वेळीच अंग काढून घ्यायला हवं होतं, असं त्यांनी लिहून दिलं, आणि यांनी ते 2011 मध्ये सरळ प्रसिद्ध केलं! इथे ऑस्लोत ऑफिसात जेवताना शेजारच्या नॉर्वेजियन सहकाऱ्यानं पावाच्या तुकड्यावर ब्राऊन चीज ठेवता ठेवता हे मला सांगितलं. आवाजात खंत नाही, फुशारकीही नाही. वर मलाच विचारलं, "तुमचंही सैन्य होतं ना तिथे? त्याचा अहवाल कुठे मिळेल?"

माझा घास घशात अडकला.

म्हटलं, बाबा रे, तुमचं बरं आहे. देश पन्नासेक लाखांचा, तेल मुबलक आणि श्रीलंकेच्या उत्तरेचं तमिळ जाफना हजारो किलोमीटर लांब. आमची भारतीय शांतीसेना 1987 मध्ये तिथे गेली आणि 1990 मध्ये परतली, ती हजाराहून जास्त जवान गमावून. मराठा लाइट इन्फंट्रीची पोरंही त्यात होती. पुढच्याच वर्षी राजीव गांधींची हत्या झाली. 1992 मध्ये आम्ही एलटीटीईवर बंदी घातली. त्यानंतर त्यांच्यासमोर चर्चेला कोण बसणार होतं? दूरचा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलाच कुणीतरी लागणार होता. तो आम्ही चालवून घेतला, एवढं श्रेय आम्हालाही द्या की!

तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर या लोकांनी निस्तरलं फार. फेब्रुवारी 2002 मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे आणि एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन यांच्या युद्धबंदी करारावर सह्या झाल्या. पहिली फेरी थायलंडमध्ये झाली आणि डिसेंबरात इथे ऑस्लोत संघराज्याच्या पर्यायापर्यंत गाडी आली. मग वॉशिंग्टनला देणगीदार देशांची बैठक ठरली. अमेरिकेत एलटीटीईवर बंदी, म्हणून त्यांना तिथे येता येईना. ते बिनसले आणि एप्रिल 2003 मध्ये चर्चेतून उठले. जूनमध्ये टोकियोत देणगीदारांनी तब्बल साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं दिली, पण तिथे एलटीटीईची खुर्ची रिकामीच. जगाचा पाठिंबा म्हणतात तो असा. पैसा तयार, पण ज्यांच्यासाठी मांडव घातला त्यांतला एक पक्ष दाराबाहेर.

लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी नॉर्वेची गत झाली. नॉर्वेचे दूत एरिक सोल्हाइम वाघांचे सोयरे आहेत, अशी कोलंबोत बोंब. यांचे झेंडे तिथे जाळले गेले. दुसरीकडे करारावर लक्ष ठेवणाऱ्या नॉर्डिक देशांच्या निरीक्षक पथकाच्या नोंदींत युद्धबंदी मोडण्याचे तीन हजारांहून जास्त प्रकार एलटीटीईच्या नावावर होते आणि सरकारच्या नावावर काहीशे. नोंद करायची, शिक्षेचा अधिकार नाही. 2006 मध्ये युरोपीय संघानंही एलटीटीईवर बंदी घातली. मग वाघांनी संघातल्या देशांचे निरीक्षक नकोत म्हणून सांगितलं. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड गेले, मागे उरले नॉर्वे आणि आइसलंड. जानेवारी 2008 मध्ये करार संपला, मे 2009 मध्ये युद्ध. शेवटच्या महिन्यांत किती माणसं मेली, यावर वाद आजही मिटलेला नाही.

ऑस्लोतल्या ग्रॉनलंड वस्तीत एका जाफनाकडच्या अण्णांचं दुकान आहे. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, फ्रीझरमधला खवलेला नारळ, सगळं तिथूनच येतं. पुरणपोळीची डाळ घेताना मी त्यांना या अहवालाचं विचारलं. "वाचला नाही," म्हणाले. निरीक्षक आठवतात का? "आठवतात. गाडीतून यायचे, लिहून घ्यायचे, सभ्य होते." आणि आमचे जवान? त्यांनी वजनकाट्यावरची पिशवी उचलली, गाठ मारली आणि तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पुढे विचारलं नाही.

सहकाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी एवढंच ऐकवलं, की तुमचे दूत वेळोवेळी दिल्लीत येऊन सगळं आमच्या कानावर घालायचे. शेजारधर्म आम्हाला सुटलेला नाही, आणि शेजाऱ्याच्या भांडणाचे कागद असे चव्हाट्यावर मांडता येत नाहीत. त्यानं मान डोलावली. पटलं म्हणून की विषय संपवायला, ते या लोकांच्या चेहऱ्यावरून मला अजून ओळखता येत नाही.